हेपॅरिन की सायट्रेट? अतिदक्षता विभागाच्या दाराशी पडणारा प्रश्न

घरातल्या माणसाला अतिदक्षता विभागात हलवले जाते. दोन दिवसांत लघवी बंद होते, अंगावर सूज चढते आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टर नातेवाइकांना दाराशी बोलावून सांगतात, "किडन्या काम करत नाहीत. रक्तदाबही पडलेला आहे, त्यामुळे नेहमीचे चार तासांचे डायलिसिस झेपणार नाही. चोवीस तास हळूहळू चालणारे लावावे लागेल. मशीनमध्ये रक्त साकळू नये म्हणून औषध द्यावे लागते, त्याने रक्तस्राव होऊ शकतो. इथे सही करा."

आपल्या घरांत या टप्प्यावर आणखी एक गोष्ट होते. जमलेल्यांपैकी कुणीतरी मोबाइलवर त्या औषधाचे नाव शोधतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, "हे तर डुकराच्या आतड्यांपासून बनतं!" सहीसाठी पुढे झालेला हात थांबतो. एकजण मौलानांना फोन लावतो, दुसरा म्हणतो जीव वाचवायचा की हे बघत बसायचं, आणि घरातला थोरला मुलगा पेन हातात धरून मध्येच उभा राहतो.

मी डॉक्टर नाही आणि मुफ्तीही नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. दोन्ही लिप्या वाचता येतात म्हणून मोहल्ल्यात दवाखान्याचा कागद आला की तो समजावून सांगायला माझ्याकडे येतो. हा प्रश्न माझ्यासमोर एकाहून अधिक वेळा आला, तेव्हा डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे कळले ते इथे मांडते. मोबाइलवरची ती माहिती खरी आहे. मात्र तिच्या मागेपुढे बरेच काही आहे आणि ते आधीच ठाऊक असेल तर दाराशी उभे राहून भांडण्याची वेळ येत नाही.

मशीन काय करते?

या उपचाराला दवाखान्यात 'सीआरआरटी' म्हणतात. मानेच्या किंवा जांघेच्या मोठ्या शिरेत जाड नळी घालतात. तिच्यातून रक्त बाहेर येते, गाळणीतून फिरते आणि त्याच नळीच्या दुसऱ्या वाटेने शरीरात परत जाते. गाळणी म्हणजे हजारो अतिबारीक पोकळ तंतूंची जुडी. प्रत्येक तंतूचे आतले पोकळ अंग मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढे असते. नेहमीच्या डायलिसिसमध्ये तीन-चार तासांत जे काम उरकतात, ते इथे दिवसभर आणि रात्रभर संथपणे चालते, म्हणून पडलेल्या रक्तदाबाला धक्का बसत नाही. साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे तासाला २० ते २५ मिलिलिटर द्रव गाळून काढण्याचे प्रमाण धरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसामागे दिवसाला जवळपास ३० लिटर.

ही पद्धत फार जुनी नाही. १९७७ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे पीटर क्रामर या डॉक्टरांनी तिचे पहिले रूप वापरले.

आता अडचण पाहा. रक्त शिरेबाहेर आले की साकळणे हा त्याचा स्वभाव आहे आणि अल्लाहने तो आपल्या रक्षणासाठीच दिला आहे. बोट कापले की रक्त थांबते ते यामुळे. पण रक्ताला प्लास्टिकची नळी आणि कापलेले बोट यांतला फरक कळत नाही. प्लास्टिकचा स्पर्श, नळीतल्या बुडबुड्यांच्या कप्प्यात हवेशी येणारा संबंध, संथ गती, पाणी काढल्यामुळे आलेला दाटपणा, या सगळ्यांनी गुठळ्या धरू लागतात. रुग्णाच्या अंगात जंतुसंसर्ग पसरलेला असेल तर आणखी लवकर. कोविडच्या काळात तर अशा गाळण्या इतक्या भराभर बंद पडत की अतिदक्षता विभागातले लोक हैराण झाले होते.

गाळणी साकळली की तिच्यात आणि नळ्यांत असलेले दीड-दोनशे मिलिलिटर रक्त बऱ्याचदा परत देता येत नाही, वाया जाते. आधीच अशक्त असलेल्या माणसाचे एवढे रक्त गेले, नवी गाळणी लावेपर्यंत उपचार थांबला आणि त्या गाळणीचा खर्च पुन्हा बिलावर आला. म्हणून औषध लागते.

'रक्त पातळ करणारे औषध' हा आपल्या बोलण्यातला शब्द मात्र मला खटकतो. या औषधाने रक्त दुधात पाणी घातल्यासारखे पातळ होत नाही. त्याची साकळण्याची क्रिया मंदावते, एवढेच. पातळ शब्दामुळे घरचे लोक 'आधीच अंगात रक्त कमी, त्यात पातळ करणार' म्हणून घाबरतात.

जळवेपासून डुकरापर्यंत

कृत्रिम मूत्रपिंडाचा सगळा इतिहास साकळण्यावर मात करण्याचा इतिहास आहे. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथे जॉन जेकब एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर पहिला प्रयोग केला, तेव्हा रक्त साकळू नये म्हणून जळवांच्या डोक्यातून काढलेले हिरुडिन वापरले. जळू चावली की रक्त लवकर थांबत नाही ते याच द्रव्यामुळे. १९२४ मध्ये जर्मनीत गेओर्ग हास यांनी माणसावर पहिले डायलिसिस केले तेही हिरुडिन वापरून. ते पुरेसे शुद्ध मिळत नसे आणि अंगावर उलटत असे.

दरम्यान १९१६ मध्ये बाल्टिमोरमध्येच जे मॅक्लेन नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत भलत्याच गोष्टीचा शोध घेताना साकळणे रोखणारा एक पदार्थ सापडला. त्याचे शिक्षक विल्यम हॉवेल यांनी पुढे अशाच द्रव्याला हेपॅरिन असे नाव दिले, कारण ते कुत्र्याच्या यकृतातून काढले होते आणि यकृताला ग्रीक भाषेत 'हेपार' म्हणतात. १९३० च्या दशकात कॅनडातल्या टोरंटोमध्ये चार्ल्स बेस्ट यांच्या गटाने ते माणसाला देण्याइतके शुद्ध केले. इन्सुलिनच्या शोधातले बेस्ट ते हेच. १९४३ मध्ये, नाझी फौजांच्या ताब्यातल्या हॉलंडमधल्या कांपेन या छोट्या गावात, विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टणासाठी बनणारी सेलोफेनची नळी लाकडी पिंपावर गुंडाळून डायलिसिसचे यंत्र बनवले, तेव्हा त्यांच्या हाताशी हेपॅरिन होते.

यकृताकडून हे उत्पादन गाई-बैलांच्या फुप्फुसांकडे आणि मग डुकरांच्या आतड्यांकडे वळले. हेपॅरिन सस्तन प्राण्यांच्या शरीरात असतेच. आतड्यांच्या आतल्या अस्तरातून ते भरपूर आणि स्वस्तात मिळते आणि ज्या देशांत डुकराचे मांस रोज खातात तिथे हा माल कत्तलखान्यात फुकट पडलेला असतो. १९९० च्या दशकात युरोपात गाईंमध्ये 'मॅड काऊ' रोग पसरला, तेव्हा गाईपासूनचे हेपॅरिन अमेरिका आणि युरोपच्या बाजारातून मागे पडले. ब्राझीलसारख्या काही देशांत ते अजून वापरात आहे. बाकी जगात आज हेपॅरिन म्हणजे बहुतेक वेळा डुकराच्या आतड्यांतून काढलेले आणि त्यातला मोठा वाटा चीनमधून येतो. २००८ मध्ये या साखळीत दुसराच स्वस्त पदार्थ मिसळल्याचे उघड झाले. त्या भेसळीमुळे अमेरिकेत रुग्ण दगावले. तेव्हापासून एकाच प्राण्यावर आणि एकाच देशावर जगाने इतके अवलंबून राहावे का, असा प्रश्न बिगरमुस्लिम तज्ज्ञही विचारू लागले.

तरीही डॉक्टर हेपॅरिनवर विसंबतात, त्याला कारणे आहेत. ते स्वस्त आहे. तालुक्याच्या दवाखान्यातही मिळते. त्याचा परिणाम एका साध्या रक्तचाचणीने मोजता येतो, थांबवले की एक-दीड तासात निम्मे उतरते आणि घाईत उतारा द्यायचा झाला तर प्रोटामिन नावाचे औषध आहे, जे माशांपासून मिळते. एखाद्या परिचारिकेला रात्री अडीच वाजता उठवून विचारले तरी हेपॅरिन कसे चालवायचे हे ती सांगेल. नव्या औषधाला ही सवय पैशाने विकत घेता येत नाही.

त्याचा दोष असा की ते मशीनपुरते थांबत नाही, साऱ्या शरीरात फिरते. कालच पोटाचे ऑपरेशन झालेला, मेंदूत रक्तस्राव झालेला किंवा प्लेटलेट्स घसरलेला रुग्ण असेल तर गाळणी वाचवताना माणसाला धोका. शिवाय क्वचित काहीजणांत पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास हेपॅरिनमुळेच प्लेटलेट्स झपाट्याने उतरतात आणि उलट नव्या गुठळ्या धरतात. असे एकदा झालेल्या माणसाला पुन्हा हेपॅरिन देत नाहीत. नळी धुण्यासाठी थेंबभरसुद्धा नाही.

लिंबातले आम्ल आणि रक्तपेढीची पिशवी

दुसरा पर्याय सायट्रेट. हे सायट्रिक आम्लाचे मीठ आहे. लिंबू-मोसंबीला आंबटपणा देणारे तेच आम्ल. औषधासाठी ते कारखान्यात बनते, प्राण्याचा त्यात संबंध नाही. ते आपण सगळ्यांनी पाहिलेलेही आहे. रक्तदान शिबिरात रिकाम्या पिशवीच्या तळाशी जो थोडा पाण्यासारखा द्रव असतो, त्यात सायट्रेट असते. १९१४ मध्ये बेल्जियममध्ये आल्बेर हुस्टिन आणि अर्जेंटिनात लुईस आगोते यांनी ते रक्त देण्यासाठी प्रथम वापरले. तोवर रक्त देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला शेजारी झोपवावे लागे. अखंड चालणाऱ्या डायलिसिसमध्ये सायट्रेट कसे वापरावे, हे १९९० मध्ये अमेरिकेतल्या सान डिएगोच्या रवींद्र मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले.

त्याचे काम समजायला सोपे आहे. रक्त साकळायला मोकळे कॅल्शियम लागते. रक्त नळीत आल्याआल्या त्यात सायट्रेट सोडतात. ते कॅल्शियमला मिठी मारून बसते. गाळणीतल्या रक्तात मोकळे कॅल्शियम नेहमीच्या जेमतेम पाव हिश्श्यावर येते आणि साकळणे थांबते. रक्त शरीरात परत जाताना दुसऱ्या नळीने कॅल्शियम भरून देतात. जे थोडे सायट्रेट अंगात जाते ते यकृत आणि स्नायू जाळून टाकतात, त्यातून सोड्यासारखा क्षार तयार होतो. म्हणजे साकळण्याला अटकाव फक्त मशीनमध्ये आणि शरीरातले रक्त जसेच्या तसे. ऑपरेशनच्या जखमेला धोका वाढत नाही.

ऐकायला किती छान! पण मेहनत सगळी इथेच आहे. दर काही तासांनी दोन ठिकाणचे रक्त तपासावे लागते, एक मशीनमधले आणि एक रुग्णाचे. कॅल्शियम कमी पडले तर हृदयाचे ठोके बिघडतात, क्षार वाढला तर त्याचा वेगळा त्रास. मोकळे कॅल्शियम मोजणारे यंत्र विभागातच हवे आणि रात्रीही चालू हवे. सगळ्यात महत्त्वाचे, यकृत पार थकलेले असेल किंवा रक्तदाब इतका पडला असेल की स्नायूंपर्यंत रक्त पोहोचत नाही, तर सायट्रेट जळत नाही, अंगात साठत जाते. मग तपासणीत एकूण कॅल्शियम वाढलेले आणि मोकळे मात्र उतरलेले दिसते. दोहोंचे प्रमाण अडीचपटीच्या पुढे गेले की डॉक्टर सावध होतात.

मग चांगले कोणते? जर्मनीतल्या २६ केंद्रांत ५९६ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सायट्रेटवर गाळणी मध्यमानाने ४७ तास टिकली, हेपॅरिनवर २६ तास. रक्तस्राव सायट्रेटच्या गटात सुमारे ५ टक्के आणि हेपॅरिनच्या गटात सुमारे १७ टक्के रुग्णांना झाला. इतके वाचून सायट्रेटच्या बाजूने हात वर करावासा वाटतो. पण त्याच अभ्यासात नवा जंतुसंसर्ग सायट्रेटच्या गटात जास्त आढळला, ६८ टक्के विरुद्ध ५५ टक्के. तीन महिन्यांत दगावलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे, म्हणजे निम्म्याच्या आसपास होते. अभ्यास ठरल्याआधी थांबवला गेल्याने मृत्यूबद्दल त्यावरून ठाम बोलता येत नाही. इंग्लंड-वेल्समधल्या रुग्णालयांनी हेपॅरिनकडून सायट्रेटकडे वळल्यावर काय झाले, हेही पाहिले गेले. तिथे जगण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही, खर्च मात्र वाढला.

निम्म्याच्या आसपास, हा आकडा मी मुद्दाम दिला. चोवीस तासांचे डायलिसिस लागते तो माणूस आधीच फार आजारी असतो. कोणते औषध निवडले यावर सारे ठरत नाही. पुढे काही वाईट झाले तर 'ते औषध घेऊ दिलं म्हणून' किंवा 'नको म्हणालो म्हणून' असा ठपका घरातल्या एखाद्यावर ठेवला जातो, तो त्या माणसावर अन्याय असतो.

मूत्रपिंडांच्या आजारांसाठी २०१२ मध्ये आलेल्या 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सांगितले आहे की सायट्रेटला अडसर नसलेल्या रुग्णाला अखंड डायलिसिसमध्ये हेपॅरिनऐवजी सायट्रेट द्यावे. आपल्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. सायट्रेट मागणारा मुसलमान नातेवाईक डॉक्टरकडे काही विचित्र मागत नाही. वैद्यकशास्त्र ज्याला पहिली पसंती देते तेच तो विचारत असतो. म्हणून संकोच न करता विचारावे आणि भांडणाच्या सुरात तर मुळीच विचारू नये.

आणि सायट्रेट नसेल तर?

सगळीकडे सायट्रेट मिळत नाही. कुठे द्रव नाही, कुठे कॅल्शियम मोजण्याची सोय नाही, कुठे यकृतच साथ देत नाही. तेव्हा शरीअतचा प्रश्न खरोखर उभा राहतो.

नाइलाज झालेल्याला कुरआनने जी सवलत दिली आहे, ती सूरह बकराच्या १७३ व्या आयतीत निषिद्ध वस्तूंच्या उल्लेखाला लागूनच आहे. आपल्या मदरशांतले मूलही ती जाणते. हेपॅरिनबद्दल तर याहून नेमके काही हाती आहे. मक्केतल्या राबिता-ए-आलम-ए-इस्लामीच्या फिक्ह परिषदेने २००३ मधल्या आपल्या सतराव्या बैठकीत नव्या, म्हणजे हलक्या रेणूच्या हेपॅरिनवर स्वतंत्र ठराव केला. त्याचा आशय असा : त्याची जागा घेईल असा जायज पर्याय नसेल, किंवा पर्यायाने इलाज लांबत असेल, तर ते वापरणे मुबाह आहे. मात्र गरजेपुरतेच वापरावे, आणि निःसंशय पाक पर्याय मिळाला की त्याकडे वळावे. डायलिसिसच्या मशीनमध्ये बहुधा जुने, अखंड रेणूचे हेपॅरिन वापरतात. दोन्हींचा उगम एकच असल्याने प्रश्न तोच राहतो.

दुसरी एक बाजू 'इस्तिहाला'ची आहे. नापाक वस्तूचे रूप आणि गुण पुरते पालटले तर हुकूमही पालटतो, हे हनफी फिक्हमध्ये मिठाच्या खाणीत पडून मीठ झालेल्या गाढवाच्या प्रसिद्ध उदाहरणाने शिकवतात. १९९५ मध्ये कुवेतच्या इस्लामी वैद्यकीय संघटनेच्या परिषदेने जिलेटिनसारख्या वस्तूंना हे तत्त्व लावले. आपल्याकडचे अनेक उलेमा ते मान्य करत नाहीत. हेपॅरिनच्या बाबतीत माझ्यासारख्या सामान्य वाचकालाही शंका येते, कारण ते आतड्यांत असतेच, तिथून वेगळे काढून शुद्ध केले जाते. त्याचे मीठ झालेले नाही. म्हणून मला राबिताच्या ठरावाची वाट अधिक सरळ वाटते. ती म्हणते, पर्याय शोधा, नसेल तर घ्या, गरज संपली की सोडा. यात कुणालाही डोळे मिटून घ्यावे लागत नाहीत. आपल्या भरवशाच्या मुफ्तीसाहेबांना विचारायचे असेल तर जरूर विचारावे. प्रश्न मात्र पूर्ण विचारावा : रुग्णाची अवस्था काय, पर्याय उपलब्ध आहे का, डॉक्टरांच्या मते तो चालेल का. नुसते "डुकराचं इंजेक्शन चालेल का" असे विचारले तर उत्तरही तितकेच अर्धे मिळते.

एक मार्ग असाही आहे की औषधच द्यायचे नाही. रक्ताचा वेग वाढवणे, गाळणीच्या आधीच द्रव मिसळून रक्त सैल करणे, अशा युक्त्यांनी काही तास, कधी एखादा दिवसही निभावतो. गाळणी लवकर बदलावी लागते, पण रक्तस्राव होणाऱ्या रुग्णात डॉक्टर आपणहून हेच करतात. शिवाय गाळणी वारंवार साकळते तेव्हा दोष दर वेळी औषधाचा नसतो. पुष्कळदा मानेतली किंवा जांघेतली नळीच मुडपलेली असते.

आपल्याकडचे रुग्ण

आपल्या भागात ही निवड कशी फिरते ते पाहा. पावसाळ्यात कोकणात भाताच्या खाचरांत आणि मुंबईत तुंबलेल्या पाण्यात वावरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होतो. तो बळावला की कावीळ, मूत्रपिंडे बंद, प्लेटलेट्स कमी आणि कधी फुप्फुसात रक्तस्राव, सगळे एकदम येते. अशाला हेपॅरिन देणे जोखमीचे. डोळे पिवळेजर्द पाहून घरचे म्हणतात, यकृत गेले, आता सायट्रेटही नाही. पण या आजारात कावीळ जितकी दिसते तितके यकृत निकामी झालेले असतेच असे नाही. ते रक्तचाचण्या सांगतात, डोळ्यांचा रंग नाही.

घोणस चावलेल्या शेतकऱ्याचे उदाहरण उलटे आहे. त्या विषाने रक्त साकळण्याची शक्तीच संपते आणि मूत्रपिंडेही बंद पडू शकतात. त्याला डायलिसिस लागले तरी सुरुवातीला कोणतेच साकळणरोधक लागत नाही. प्रतिविष काम करून रक्त पुन्हा साकळू लागले की मग विचार. आणि ज्याच्या हृदयात धातूची झडप बसवली आहे किंवा फुप्फुसात गुठळी अडकली आहे, त्याला मशीनसाठी नव्हे तर स्वतःसाठीच साकळणरोधक हवे असते. तिथे मशीनमध्ये सायट्रेट घातले म्हणून हेपॅरिनची गरज संपत नाही. एका चाचाला सायट्रेट दिले, मग आपल्या अब्बाला का नाही, या प्रश्नाचे उत्तर असे रुग्णारुग्णात वेगळे असते.

सहीच्या आधी घरच्यांनी डॉक्टरांना काही गोष्टी आपणहून सांगाव्यात, कारण नळी घातलेला रुग्ण स्वतः बोलू शकत नाही. तो हृदयासाठी आधीच रक्ताची गोळी घेत होता का, अ‍ॅस्पिरिन चालू होती का, पूर्वी कधी हेपॅरिनने त्रास झाला होता का, कावीळ किंवा यकृताचा जुना आजार आहे का, अलीकडे पडून डोक्याला मार लागला होता का. हकीमाचा काढा चालू असेल तर तोही लपवू नये. मग शांतपणे विचारावे : "डॉक्टरसाहेब, हेपॅरिन डुकरापासून येतं असं आम्हाला कळलं. यांना सायट्रेट चालेल का? इथे त्याची सोय आहे का?" चालत असेल तर तसे केसपेपरवर लिहून घेण्याची विनंती करावी. मशीन सुरू करताना नळ्या बऱ्याचदा हेपॅरिन घातलेल्या सलाइनने धुतात आणि वापरात नसलेली नळीही हेपॅरिन भरून बंद ठेवतात, हे रात्रपाळीच्या परिचारिकेला वेगळे सांगावे लागते. साध्या सलाइनने धुता येते आणि नळी बंद ठेवायलाही सायट्रेट चालते. डॉक्टर म्हणाले की नाही, यांना हेपॅरिनच हवे, तर कारण विचारून घ्यावे आणि सही करावी. फोनवर फतव्याची वाट पाहत तासन्‌तास घालवू नयेत. रक्तात पोटॅशियम चढत असते आणि ते हृदय थांबवू शकते.

लघवी पुन्हा सुरू झाली, रक्तदाब सावरला की हे मशीन काढतात. रुग्ण वॉर्डात येतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण झोपून राहिलेल्या माणसाच्या पायात गुठळी धरू नये म्हणून तिथे पोटाच्या कातडीखाली रोज एक छोटे इंजेक्शन देतात, बहुतेक वेळा एनॉक्सापॅरिन. काहींना ते घरीही लिहून देतात. तेही डुकराच्या हेपॅरिनपासूनच बनते आणि राबिताचा ठराव नेमका याच जातीच्या औषधावर आहे. फोंडापॅरिनक्स हे संपूर्ण कृत्रिम इंजेक्शन त्याला पर्याय म्हणून मिळते. मात्र ते मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडे अजून अशक्त असतील तर डॉक्टर ते देत नाहीत. डिस्चार्जच्या दिवशी क्रिएटिनिनचा ताजा आकडा विचारावा आणि या इंजेक्शनची गोष्ट तेव्हा पुन्हा काढावी.